आश्रितास काय द्यावे?

दानाविषयी आपल्या धर्मग्रंथांत जेवढा विचार झाला आहे तेवढा गृहस्थाच्या दुसऱ्या कोणत्याही कर्तव्याविषयी क्वचितच झाला असेल. दान कोणी द्यावे, कोणत्या काळी द्यावे, कोणत्या क्षेत्री द्यावे, देताना मनाची वृत्ती कशी असावी, या सर्वांचा ऊहापोह स्मृतींपासून निबंधग्रंथांपर्यंत विस्ताराने आढळतो. परंतु ज्याचे घर, गाव आणि आप्त एका रात्रीत नाहीसे झाले आहेत असा मनुष्य दारी आला असता त्याला नेमके काय द्यावयाचे, हा प्रश्न या सर्व विचारात थोडा मागे राहिला आहे. अन्न, वस्त्र आणि निवारा द्यावा, हे उत्तर कोणीही देईल आणि ते खोटे नाही. तथापि पोटभर जेवलेला, अंगभर वस्त्र नेसलेला आणि डोक्यावर छप्पर असलेला मनुष्यही दिवसेंदिवस भिंतीकडे पाहत बसून राहतो, हे ज्यांनी अशी संकटे जवळून पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे. मग त्याला अजून काय हवे असते? आणि ते देणे हे गृहस्थाचे कर्तव्य आहे काय?

या प्रश्नाचा विचार करण्यास तंजावरच्या मराठी राज्याचा इतिहास फार उपयोगी पडतो. महाराष्ट्रातील वाचकास तंजावर म्हटले की बृहदीश्वराचे देवालय आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. परंतु भोसले राजांनी त्या प्रांतात उभारलेली छत्रे या दोहोंपेक्षा कमी महत्त्वाची नाहीत. तंजावरहून रामेश्वराकडे, म्हणजे सेतूकडे, जाणाऱ्या वाटेवर ही छत्रे होती आणि त्यांतील पुष्कळ राजस्त्रियांच्या नावाने ओळखली जात. नीडामंगलमचे यमुनांबाळपुरम आणि ओरत्तनाडूचे मुक्तांबाळपुरम ही त्यांपैकी दोन प्रसिद्ध नावे. दुसऱ्या सरफोजी राजाने ओरत्तनाडूचे छत्र आपल्या दिवंगत प्रिय सहचरीच्या स्मरणार्थ १८०२ साली उभारले. मरणसमयी तिने मागितले ते अन्नछत्रच, असे परंपरा सांगते.

सरफोजीचे चरित्र थोडक्यात सांगणे येथे आवश्यक आहे, कारण त्यावाचून पुढील गोष्टीचे मर्म कळणार नाही. १७८१ साली हैदर अलीच्या स्वारीने कावेरीचा हा सुपीक प्रदेश उद्ध्वस्त झाला. शेते ओसाड पडली, असंख्य कुटुंबे परागंदा झाली आणि अनेक मुले आईबापांपासून तुटली. सरफोजी त्या वेळी लहान होता. १७८७ साली तुळजाजी राजाने त्याला दत्तक घेतले आणि त्याच वर्षी राजा वारला. गादी अमरसिंहाकडे गेली. दत्तक मुलाच्या जिवाला धोका आहे असे वाटल्यावरून त्याला मद्रासेस नेण्यात आले. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी त्याचा सांभाळ केला. १७९८ साली गादी मिळाली, पण पुढल्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला आणि राजाकडे तंजावरचा किल्ला व नेमणूक एवढेच उरले. बालपणी जन्मघर सुटले, तारुण्यात नगर सुटले आणि सिंहासनावर बसल्यावर राज्य सुटले, असा हा पुरुष. निराश्रित म्हणजे काय हे त्याला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

अशा स्थितीत १८०१ साली त्याने इंग्रज रेसिडेंटास एक पत्र लिहिले. छत्रांच्या जमिनी आता कंपनीच्या मुलखात गेल्या होत्या आणि त्यांचे उत्पन्न थांबेल अशी भीती होती. राज्य गेल्याची तक्रार बाजूस ठेवून छत्रे मात्र राहू द्यावीत, अशी त्या पत्रातील विनंती आहे. तेथे काय काय चालते याचे जे वर्णन त्यात केले आहे ते आजच्या समाजसेवकानेही लक्षपूर्वक वाचावे असे आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत प्रत्येक वाटसरूस, जोगी, जंगम, अतीत, बैरागी यांच्यासह, शिजलेले अन्न मिळे. शिजलेले न चालणाऱ्यास कोरडा शिधा मिळे. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले आणि मग घंटा वाजवून पुकारा होई की, अजून कोणी उपाशी असेल तर त्याने यावे, त्याच्यासाठी भात राखून ठेवला आहे.

या घंटेपाशी थोडे थांबले पाहिजे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र या तिहींचा उल्लेख आला आहे. श्रीमच्छंकराचार्यांनी त्या स्थळी कुरुक्षेत्रादी देश, संक्रांतीसारखा काल आणि वेदवेदांगपारंगत पात्र असा अर्थ दिला. शास्त्रीय दानविधीच्या दृष्टीने तो योग्यच आहे. परंतु पुष्कळ गृहस्थ हा अर्थ अन्नदानालाही लावतात आणि समोरचा माणूस पात्र आहे की नाही याची चौकशी करीत बसतात. ज्याला भूक लागली तो अन्नाला पात्र, हा विचार आपल्या परंपरेत जुनाच आहे. छत्राच्या घंटेने त्याच्याही पुढे पाऊल टाकले. ती पात्राची परीक्षा करीत नाही. उलट आपण कोणास चुकलो तर नाही ना, अशी स्वतःचीच परीक्षा करते. उपाशी माणूस पुष्कळदा मागण्यास लाजतो. विशेषतः काल-परवापर्यंत जो स्वतःच दुसऱ्यांना वाढीत होता तो तर अंधारातच उभा राहतो. त्याच्या लज्जेचा मान राखून त्याला हाक मारणे हे त्या घंटेचे कार्य होते. येथे एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अन्न सर्वांना असले तरी पंक्ती सर्वांची एक नव्हती. त्या काळच्या जातिभेदाच्या मर्यादा छत्रांनाही होत्या, आणि छत्रांचे गुणगान करताना ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही.

पत्रातील पुढील भाग अधिक महत्त्वाचा आहे. छत्रांत चारही वेदांचे अध्यापक, एक शिक्षक आणि वैद्य असत. वाटेत आजारी पडलेल्यास औषध व पथ्याचे अन्न मिळे आणि तो बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा आदराने केली जाई. गर्भवती स्त्री तेथे प्रसूत झाली तर सर्व खर्च छत्राचा, आणि त्यानंतर तीन महिने तिला तेथेच राहता येई. तान्ह्यांना दूध मिळे. तेथे मरण पावलेल्या परक्या माणसाचे उत्तरकार्य त्याच्या ज्ञातीच्या रीतीने होई. परदेशी वाटसरूंची अनाथ झालेली मुले शिक्षकाच्या स्वाधीन केली जात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण, वस्त्रे, औषध आणि चार दिवसांनी एकदा अभ्यंग. त्यांना जी विद्या आवडेल ती शिकवावयाची आणि विद्या पुरी झाल्यावर त्यांच्या विवाहाचा खर्चही छत्रानेच करावयाचा, असा तो क्रम होता.

केवळ प्राण वाचवावयाचे असते तर अभ्यंगाची काय आवश्यकता होती? तेलावाचून कोणी मरत नाही. परंतु आई जिवंत असती तर तिने मुलाच्या डोक्यावर तेल घातले असते. छत्राच्या खर्चात तेलाची तरतूद करणाऱ्याने या गोष्टीचा विचार केला होता. आवडीची विद्या शिकवणे यातही तेच आहे. ज्याचे सर्व काही इतरांनी ठरवले, त्याला निदान एका गोष्टीत तुझी इच्छा काय असे विचारले गेले. अलीकडे ज्याला मानसिक व सामाजिक आधार असे म्हणतात तो याहून फारसा वेगळा नाही. नाव नवे आहे, एवढेच.

आता गीतेच्या अभ्यासकापुढे एक खरी अडचण उभी राहते. गीतेत भगवंतांच्या उपदेशाचा आरंभच शोक करणे योग्य नाही या विचाराने होतो. आत्मा मरत नाही, देह जाणारच आहे, मग ज्याची मुले समुद्राने नेली त्याच्यापाशी जाऊन हेच सांगावे काय? पुष्कळ सज्जन तसे सांगतात. त्यांचा हेतू चांगला असतो, वचनही सत्य असते, आणि तरीही ऐकणाऱ्याचे मन अधिकच बंद होते. येथे दोष वचनाचा नसून क्रमाचा आहे.

गीतेचाच क्रम पाहावा. पहिल्या अध्यायात भगवंतांच्या मुखी अवघे एक वाक्य आहे, आणि तेही समोर जमलेल्या कुरूंकडे पाहा एवढेच सांगणारे. नंतर अर्जुन बोलतो. अंग थरथरते, धनुष्य गळते, मन भ्रमते, कुल बुडेल, धर्म बुडेल, असे तो बोलत राहतो आणि भगवंत ऐकत राहतात. मध्ये प्रश्न नाही, खंडन नाही. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते दोन श्लोकांत कठोर शब्दांनी त्याला उठावयास सांगतात. या कानउघाडणीचा परिणाम काय झाला? अर्जुन उठला नाही. त्याने पुन्हा आपले दुःख सांगितले, आपण गोंधळलो आहोत हे कबूल केले, शिष्यभावाने मार्ग विचारला, युद्ध करणार नाही असे म्हणून तो गप्प बसला. मगच अकराव्या श्लोकापासून तत्त्वोपदेश सुरू झाला. आचार्यांचे पदशः भाष्यही तेथूनच सुरू होते. दुःखिताला नुसते धीर धर, पुरुषासारखा वाग असे म्हटल्याने तो उठत नाही, हे भगवंतांनी स्वतः म्हणून दाखवले, असे म्हटले तर ते धाडसाचे होईल, पण असत्य होणार नाही. ज्ञानेश्वरमहाराजांनीही पहिल्या अध्यायावर पावणेतीनशे ओव्या खर्च केल्या आहेत. ज्यात तत्त्वज्ञान जवळजवळ नाही अशा अध्यायावर! आणि त्या अध्यायाचे नाव परंपरेने विषादयोग असे ठेवले आहे. विषादालाही योगाच्या मालिकेत स्थान आहे, त्याला टाळून पुढल्या अध्यायात उडी घेता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, अर्जुनाचा शोक पुढे घडणाऱ्या गोष्टीचा होता, निराश्रिताचा शोक घडून गेलेल्या गोष्टीचा आहे, तेव्हा हा दृष्टांत लागू नाही. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु अर्जुनाला तरी युद्धाचे भय कोठे होते? आपले सर्व जग नाहीसे झाल्यावर आपण कशासाठी जगावयाचे, हा त्याचा प्रश्न होता. निराश्रिताचाही तोच प्रश्न असतो. फरक इतकाच की अर्जुनाने तो युद्धाच्या आधी विचारला.

तंजावरच्या किनाऱ्याला हा प्रश्न अलीकडच्या काळात पुन्हा पुन्हा पडला. नागपट्टिनम हे १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच होते. २६ डिसेंबर २००४ रोजी समुद्राची प्रचंड लाट आली आणि एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्या वेळी देशभरातून मदतीचा ओघ आला. त्यात वापरलेल्या जुन्या कपड्यांचे एवढे ढीग होते की ते रस्त्याच्या कडेला तसेच पडून राहिले, कोळी कुटुंबांनी त्यांना हात लावला नाही. काही वर्तमानपत्रांतून याचे आश्चर्य व्यक्त झाले. गीतेच्या वाचकास आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. सतराव्या अध्यायात तामस दानाची जी लक्षणे आहेत त्यांत सत्काराचा अभाव आणि अवज्ञा ही दोन स्पष्ट सांगितली आहेत. आपल्या घरातील अडगळ कमी करावयाची आणि तिला दान म्हणावयाचे, ही अवज्ञाच होय. समुद्रावर स्वतःच्या कष्टाने जगणाऱ्या, आल्यागेल्याला मासे वाटणाऱ्या माणसांना ती ताबडतोब ओळखू आली. दुःखाने माणसाचे डोळे पाणावतात, आंधळे होत नाहीत.

याच काळात बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने गावोगावच्या शिक्षकांना, अंगणवाडी सेविकांना आणि बचत गटांतील स्त्रियांना दुःखितांना आधार कसा द्यावा याचे शिक्षण दिले. त्या शिक्षणाची सूत्रे साधी होती. मन मोकळे करू द्यावे, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवावे, लक्ष देऊन ऐकावे, आप्त व शेजाऱ्यांचा संबंध पुन्हा जोडून द्यावा, मनाला बाहेरच्या कामात गुंतवावे, विश्रांती व खेळ यांना वाव द्यावा, आणि ज्याची जी श्रद्धा असेल तिचा आधार त्याला घेऊ द्यावा. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवणे हे सहाव्या अध्यायातील आत्मौपम्य होय, हे निराळे सांगावयास नको. सुखदुःखाची तुलना स्वतःवरून करणारा तो परमयोगी, असे तेथे म्हटले आहे, आणि समाधीच्या विवेचनातच हे म्हटले आहे हे ध्यानात घेण्यासारखे आहे. श्रद्धेचा आधार शेवटी, ऐकणे आधी, हा क्रमही कुरुक्षेत्रावरच्या क्रमाशी जुळतो. वैद्यकशास्त्र आणि गीता यांचा ओढूनताणून मेळ घालण्याची खोड आपल्याकडे बरीच आहे, तिला येथे उत्तेजन द्यावयाचे नाही. परंतु दोन वेगळ्या वाटांनी निघालेले लोक एकाच पाणवठ्यावर भेटले तर ती गोष्ट नोंदवण्यास हरकत नसावी.

आणखी एक अडथळा गृहस्थाच्या मनात असतो, तो उघड बोलला जात नाही. ज्याचे त्याचे प्रारब्ध, असे म्हणून माणूस दार लोटतो. कर्मसिद्धांत खोटा नाही. पण तो स्वतःचे दुःख सोसताना वापरावयाचा आहे, दुसऱ्याच्या दुःखापुढे हात आखडताना नव्हे. समोरच्याचे प्रारब्ध आपल्याला दिसत नाही. आपल्याला दिसते ते आपले कर्तव्य, आणि ते तर आपल्याच खात्यावर लिहिले जाणार आहे. भक्ताच्या लक्षणांत बाराव्या अध्यायाने मैत्री आणि करुणा यांना अग्रस्थान दिले, त्यांच्यापुढे प्रारब्धाची अट घातलेली नाही.

परंतु सर्वांत सूक्ष्म प्रश्न यापुढेच आहे. समजा, अन्न दिले, आदराने दिले, ऐकूनही घेतले. तरी तो मनुष्य घेणाराच राहिला. तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राचा विचार येथे आणला पाहिजे. देव आणि मानव एकमेकांना संतुष्ट करतात आणि त्यानेच जग चालते, असे तेथे प्रतिपादन आहे. जो हे चक्र पुढे चालवीत नाही त्याचे जीवन व्यर्थ, असेही आहे. हा शब्द सामान्यतः आळशी आणि स्वार्थी माणसाला लावला जातो. परंतु ज्याला चक्र चालवू दिलेच जात नाही त्याचे काय? छावणीत वर्षानुवर्षे फक्त रांगेत उभे राहावयाचे, ताटली पुढे करावयाची आणि परत फिरावयाचे, हे ज्याच्या नशिबी आले तो यज्ञचक्राच्या बाहेर ढकलला गेला आहे, आणि ढकलणारे हात दयाळूच आहेत. तेव्हा आश्रितास द्यावयाची सर्वांत मोठी वस्तू कोणती, याचे उत्तर येथे सापडते. त्याला पुन्हा देता येईल अशी जागा द्यावयाची. छत्रातील अनाथ मुलाला विद्या देऊन त्याचा विवाह लावून देण्यात हाच हेतू होता. विवाह म्हणजे गृहस्थाश्रम, आणि गृहस्थाश्रम म्हणजे इतर तीन आश्रमांना पोसण्याचा अधिकार. आज जो छत्रात जेवतो त्याच्या दारी उद्या कोणी जेवावे, अशी ती योजना होती.

राजाने हा विचार आपल्या परंपरेपुरता ठेवला नाही, हेही सांगावयास हवे. श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ त्याने कण्णंदंगुडी येथे गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनाची सोय केली. स्वतः नित्य शिवपूजा करणारा आणि काशीयात्रा करून आलेला हा राजा, आपल्याला ज्याने सांभाळले त्याचे ऋण त्याच्याच रीतीने फेडतो, यात त्याला कोठे विसंगती वाटली नाही.

छत्रांचा कारभार पुढे जिल्हा बोर्डाकडे गेला, काहींच्या इमारती मोडकळीस आल्या, ओरत्तनाडूच्या छत्राच्या वास्तूत शाळा व विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालले. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटे गजा नावाचे चक्रीवादळ याच प्रदेशावरून गेले. ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी या भागातील नारळीच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या आणि एकूण बाधित जिल्ह्यांत दोन लाखांहून अधिक माणसे छावण्यांत आली. नारळाचे झाड फळाला येण्यास पाच-सहा वर्षे तरी लागतात. म्हणून येथे एका हंगामाचे पीक बुडाले असे नव्हते, बापाने लावलेले आणि मुलाच्या शिक्षणाला पुरणारे आयुष्य बुडाले होते. अशा शेतकऱ्यापाशी बसून त्याने त्या बागेतील झाडांविषयी जे सांगावे ते ऐकणे, पडलेले खोड कापून बाजूस करण्यास शेजारच्या चार माणसांनी येणे, आणि नवे रोप लावताना त्याच्याच हाताने लावू देणे, ही कामे तांदळाच्या पोत्याइतकीच आवश्यक होती.

सेतूच्या वाटेवर आणखी एक प्रकारचे वाटसरू आले. ज्या मार्गाने शतकानुशतके यात्रेकरू रामेश्वराकडे जात, त्याच मार्गाच्या टोकाला, रामेश्वराजवळच्या मंडपम छावणीत, १९८३ पासून श्रीलंकेतील यादवीने घरदार सोडलेली तमिळ कुटुंबे होड्यांतून उतरू लागली. तेथून ती तमिळनाडूच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील छावण्यांत गेली. सरकारने शिधा आणि निर्वाहवेतन दिले. परंतु १९८४ साली या निर्वासितांपैकीच एक असलेले चंद्रहासन यांनी निर्वासितांची स्वतःची संस्था उभी केली. तिचे नाव ऑफर. छावणीतील शिकलेल्या तरुणांनी छावणीतीलच मुलांना शिकवावे, स्त्रियांनी आरोग्याची देखरेख करावी, ज्यांनी स्वतः आप्त गमावले होते त्यांनी दुसऱ्या शोकग्रस्ताजवळ बसावे, असे तिच्या कामाचे स्वरूप होते. तिचे कार्यकर्ते भाडोत्री नव्हते आणि बाहेरचेही नव्हते, छावणीच्या रांगेत उभे राहणाऱ्या माणसांतूनच ते आले होते. २००४ साली लाट आली तेव्हा, वीस वर्षे दुसऱ्याच्या भूमीवर आश्रित म्हणून राहिलेली ही माणसे किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत मदतीला गेली. पुढे त्यांच्यापैकी काही समुद्र ओलांडून आपल्या देशी परतले आणि तेथेही त्यांनी तेच काम चालवले.